खोड कोणाचं?

“मग नाव कोरू ना, उस्ताद?” लिकोसनं विचारलं.

पुढे जे झालं त्यात चूक लिकोसची नव्हती. चूक उस्ताद हर्मियासची होती. दाढी पांढरी आहे म्हणून ती चूक झाकायचं काही कारण नाही.

ग्रीसच्या देवळांत जुन्या थोरांनी घडवलेले ब्राँझचे देव उभे असत. रोमच्या धनिकांना तेच देव आपल्या बागेत हवे असत. मग मूळ मूर्तीचा प्लास्टरचा ठसा हर्मियासच्या कारखान्यात यायचा आणि त्याबरहुकूम संगमरवरी देव निघायचा.

ब्राँझ आतून पोकळ, म्हणून तो देव आपल्या दोन पायांवर उभा राहतो. दगड जड. घोट्यात मोडतो. म्हणून संगमरवरी देवाच्या पायाला लागून त्याच दगडात झाडाचं एक खोड कोरायचं. भार ते घेतं. मूळ मूर्तीत ते नसतंच.

लिकोस पोरवयात इथे आला. एकदा त्यानं देवाच्या ओठाला आपल्या मनाची जराशी मुरड घातली. म्हाताऱ्यानं हातोडा उचलला आणि तयार झालेलं डोकं फोडून टाकलं. तुला कोणी विचारलंय, एवढंच म्हणाला.

लिकोस शिकला. इतका शिकला, की कारागीर एकमेकांना सांगत, याच्यासमोर शिंकू नका, हा तश्शीच शिंकेल.

आज त्याचा पहिला स्वतंत्र अपोलो उभा होता. उस्तादानं पसंत केला, तर पुतळ्यावर नाव आणि नावावर स्वतःचा कारखाना. नाही केला, तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली.

म्हाताऱ्यानं देवाकडे पाहिलंही नाही. तो खाली बसला आणि खोडावरून हात फिरवू लागला. साल... गाठ... गाठीवर चढणारी पाल...

“देव कोणाचा?”

“जुन्या थोरांचा.”

“खोड?”

लिकोस हसला. ठशात खोड नव्हतं. अंगणात उस्तादाचा जुना अपोलो उभा होता, त्याच्यावरून त्यानं ते उतरवलं होतं. कंपास लावून, पालीच्या शेपटीसकट.

“तुमचं, उस्ताद. केसाचाही फरक सापडायचा नाही.”

म्हाताऱ्यानं छिन्नी त्याच्यापुढे धरली.

“कोर नाव. जिथे तू असशील तिथे.”

लिकोसनं छिन्नी घेतली. तो पुतळ्याभोवती फिरला. कपाळ, खांदा, गुडघा, अंगठा... पुन्हा खोडाशी आला. छिन्नी कुठेच टेकेना.

मग त्याचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर ओतलं. मनाचं काही केलं की हातोडा, आणि आता मनाचं काही नाही म्हणून नापास. हा कुठला न्याय?

“हातोडा देवावर चालवला,” म्हातारा म्हणाला. “तुझ्या खोडावर कधी चालवला?”

“पण खोड माझं, असं सांगितलंत कधी?”

म्हाताऱ्यानं पालीवरून बोट फिरवलं.

“आणि तुमचं काय?” लिकोसनं अंगणाकडे बोट केलं. “तिथेही नाव नाही. सगळे त्याला तुमचा विनय म्हणतात.”

...

कारखान्यातले हातोडे एकेक करून थांबले.

म्हाताऱ्याचा हात अजून पालीवर होता. त्यानं तो उचलला... परक्याच्या वस्तूवरून उचलावा तसा.

“ते खोड माझ्या उस्तादाचं आहे,” तो म्हणाला. “मीही कंपासच लावला होता. त्यात जन्म गेला.”