उसनं विरजण

फार पूर्वी एका राजधानीत एक माणूस राहायचा. त्याला एक प्रश्न पडला होता. सगळं हातात आणून दिलं, तरी म्हातारं माणूस का सुकतं? वैद्याने चूर्ण दिलं, पुजाऱ्याने अंगारा दिला. उत्तर कुणीच दिलं नाही.

सुकत चालली होती ती त्याची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. गावात तिचं कुणी उरलं नाही, म्हणून त्याने तिला आपल्याकडे आणलं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "अरे, इथे विरजण कुणाकडून आणायचं?"

"आक्का, तुला कुणाकडे मागायची वेळ येऊ देणार नाही!" तो अभिमानाने म्हणाला. त्याने दह्याचं मडकंच आणून ठेवलं.

आक्का दिवसभर उंबऱ्यावर बसू लागली. गल्लीत तिला कुणी ओळखत नव्हतं. तिची भूक मेली. एकदा ती म्हणाली, "मला गावी सोड. ओसाड असलं तरी चालेल."

तो भडकला. "काय कमी आहे तुला इथे?"

"काहीच नाही रे. कमी असतं, तर कुणाच्या दारात गेले नसते का?"

मग त्याने मडकं उचललं आणि सगळं दही गाईच्या आंबोणात ओतलं.

"घे. संपलं दही. जा, माग!"

आक्का वाटी घेऊन शेजारी गेली.

"आजी, माझं विरजण आंबट आहे हं," शेजारीण म्हणाली.

"माझ्या भावाच्या तोंडाएवढं नसेल!"

शेजारीण खळखळून हसली. "आत तरी या."

त्यानंतर आक्का मुद्दाम मडक्याच्या तळापर्यंत दही वाढायची. आज हे दार, उद्या ते. तिची भूक परतली. गल्लीतल्या बाळंतिणी तिला सल्ल्याला बोलावू लागल्या.

पुढे एके दिवशी आक्का गेली. त्या घरात चूल पेटली नाही. पण पिठलं-भाकरी घेऊन सगळी गल्ली आली. ज्याने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्याला शेजारणीने घास भरवला.

सुतकाचे दिवस सरल्यावर तो आक्काची वाटी घेऊन शेजारच्या दारात उभा राहिला.

"विरजण द्या."

"अहो, कालच तर दही पाठवलंय तुमच्याकडे!"

"आहे. तरी द्या," तो म्हणाला आणि त्याने वाटी पुढे केली.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला सगळं द्यावं, पण शेजारच्या दारात जायचं कारण काढून घेऊ नये.