संकेत बंद केला, ती सकाळ

एकदा एका विमानतळावर कारखानीस नावाचे एक वयोवृद्ध अभियंते होते. धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या अँटेनांची निगा त्यांच्याकडे होती. धुक्यात वैमानिकाला पुढचे दिसत नाही, तेव्हा या अँटेनांचा संकेत विमानातला काटा हलवतो. काटा मध्यावर राखत वैमानिक धावपट्टीच्या नेमक्या रेषेत उतरतो. शलाका नावाची तरुणी त्यांच्या हाताखाली ही विद्या शिकत होती.

त्या सकाळी दाट धुके होते. येणाऱ्या विमानात शलाकाची आई होती. लेकीचे काम पाहायला ती आयुष्यात प्रथमच विमानात बसली होती. विमान जवळ आले आणि तेवढ्यात संकेत किंचित ढळल्याचे तपासणी यंत्रावर दिसले. तो अजून मर्यादेत होता. तरीही कारखानीस सरांनी नियंत्रण कक्षाला कळवले आणि संकेत बंद करून टाकला.

ऐन धुक्यात आधार का काढून घेतला, असे शलाकाने विचारले. थोडा चुकत असला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा, असेही ती म्हणाली. विमान पुन्हा वर चढल्याचा आवाज ऐकू आला, तसे सर तिला घेऊन जीपने अँटेनांकडे निघाले.

अँटेनांपुढची जागा नेहमी मोकळी ठेवायची असते, नाहीतर संकेत ढळतो. तिथेच गवत कापणारा ट्रॅक्टर उभा होता. धुक्यात वाट न दिसल्याने चालक थांबून राहिला होता. सरांनी त्याला सांभाळून जीपमागे बाहेर आणले.

परतल्यावर सर शलाकाला म्हणाले, “संकेत थांबला की वैमानिकाला लगेच कळतं. तो वर जातो, वाट पाहतो. पण संकेत चुकू लागला, तर तो विश्वासाने त्या चुकीमागेच येतो. वाट दाखवणाऱ्याला स्वतःची खात्री नसेल, तर त्या घडीला गप्प राहणं हेच त्याचं कर्तव्य.”

मग त्यांनी तिलाच संकेत सुरू करायला सांगितले. ती यंत्रावरची नजर न हलवता बसून राहिली. काही वेळाने विमान अलगद उतरले.

आई बाहेर आली ती हसतच. वर गेल्यावर धुक्यावर लख्ख ऊन पडले होते, ढगांचा नुसता कापूस पसरला होता, असे ती सांगत सुटली.

“उतरता उतरता पुन्हा वर नेलं गं आम्हाला. तू सांगितलं होतंस का त्यांना?”

शलाकाने सरांकडे पाहिले. ते गालात हसत होते.

“नाही आई,” ती म्हणाली, “सरांनी सांगितलं.”