दोन एकादश्यांचं गाव

एका गावात एक देऊळ होतं आणि दोन एकादश्या होत्या.

हसू नका. पंचांगात कधी कधी येतं तसं. मग वरच्या आळीची माणसं पहिल्या दिवशी उपास धरायची आणि खालच्या आळीची दुसऱ्या दिवशी. धरा की! देवाला दोन्ही दिवस सारखेच. पण नाही. आपलाच दिवस खरा आणि समोरच्याचा खोटा, हे ठरल्याशिवाय ह्या लोकांच्या घशाखाली साबुदाणासुद्धा उतरत नसे. वरच्या आळीचे पुढारी आबाजीपंत, खालच्या आळीचे दिगंबरबुवा. दोघे देवळाच्या ओट्यावर पंचांग मांडीवर घेऊन बसायचे आणि एकमेकांच्या सात पिढ्या नरकात धाडायचे. आत देवापुढच्या समईत तेल आहे की नाही, हे बघायला सवड कुणाला होती?

अशाच एका दुहेरी एकादशीच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी, सारजा नावाची एक बाई ओट्यापाशी येऊन टेकली. कडेवर तान्हं मूल. नवरा साथीत गेला होता आणि ती पायी माहेरी निघाली होती.

"दादा, वाईच भाकर द्या," ती म्हणाली. "लेकराला अंगावर दूध येईना झालंय."

वाद रंगात आला होता. आबाजीपंतांनी पंचांगातून मान वर केली. "तू एकादशी कधी धरतेस? आज की उद्या?"

"मला काय ठावं? परवापासनं पोटात काई न्हाई. तीच धरा एकादशी."

"म्हणजे व्रत नाहीच! आमच्या घरी आज फराळ आहे, पण तो व्रत करणाऱ्यांसाठी. आज अन्न शिजवणं म्हणजे पाप."

सारजा दिगंबरबुवांकडे वळली. ते म्हणाले, "आमची आज दशमी. दशमीला एकदाच जेवायचं. ते झालं, चुली सारवल्या. उद्या तर एकादशीच. तू असं कर, परवा द्वादशीला ये. पोटभर घालू."

परवा! भुकेल्या बाईला परवाचं आमंत्रण! जीभ कशी झडली नाही मेल्यांची? आणि वरच्या आळीत त्या वेळी घरोघर खिचडी होती, रताळ्याचा कीस होता, शेंगदाण्याची आमटी होती. एकादशी आणि दुप्पट खाशी, ते उगीच नाही म्हणत. वास पार ओट्यापर्यंत येत होता. सारजा तो वास घेत भिंतीला टेकून बसून राहिली, कारण उठून पुढच्या गावाला जायचं बळ तिच्या पायांत उरलं नव्हतं.

दुपारभर बाळ रडलं. ओट्यावरचे लोक वैतागले, त्यांना एकमेकांचे श्लोक ऐकू येईनात. दिवस कलला तसं बाळ गप्प झालं.

"झोपलं एकदाचं," आबाजीपंत म्हणाले.

दिवेलागणीला आबाजीपंतांची बायको वेणूबाई देवाला दिवा लावायला आली. तिनं त्या गप्प बाळाकडे पाहिलं आणि त्याच्या ओठाला बोट लावलं. बाळानं बोट चोखलं नाही. वेणूबाईनं चार लेकरं वाढवली होती. तिनं दिवा तसाच ठेवला, सारजाला हाताला धरून उठवलं आणि घरी नेलं.

सोवळ्याच्या चुलीत तिनं जाळ घातला. नैवेद्याचं दूध कोमट केलं. देवासाठी आणलेल्या वातींच्या कापसाचा बोळा केला आणि थेंब थेंब दूध बाळाच्या ओठांत पिळत बसली. दुसरीकडे सारजासाठी मऊ भात रटरटत होता.

आबाजीपंत दारात येऊन थिजले. "अगं, एकादशीला भात! सोवळ्याच्या चुलीवर! नरकात जाशील!"

"जाईन. आधी तुम्ही बाजूला व्हा, उजेड अडतोय."

सकाळी आबाजीपंतांनी गाव गोळा केलं. स्वतःच्या बायकोला प्रायश्चित्त द्यायचं होतं ना! नाहीतर वरच्या आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. दोन्ही आळ्या झाडून हजर. बाई उपाशी बसली तेव्हा ह्यातला एकही उठला नव्हता, आणि आता बघा, ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही!

आबाजीपंत गरजले, "काल एकादशीला हिनं भात शिजवला!"

दिगंबरबुवा ताडकन उठले. "एकादशी? काल? काल दशमी होती! एकादशी आज आहे!"

"म्हणजे हिचा गुन्हाच नाही म्हणता?"

"गुन्हा आहे म्हणायला कालची एकादशी मान्य करू? मेलो तरी करणार नाही!"

झालं. बाई राहिली बाजूला, पंचांगं उघडली गेली. कुणी कुणाची शेंडी धरली, कुणाचं उपरणं फाटलं.

"पुरे!" वेणूबाई ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती देवळात मोठ्यानं बोलली. "एकादशी कालची की आजची, ते बसा ठरवत. तुमच्या डोळ्यांदेखत एक लेकरू मरत होतं. ते कालही खरं होतं आणि आजही खरं आहे. त्याला पंचांग लागत नाही. मी आजही भात शिजवणार आहे. ज्याला कोणाला पाप लिहायचं असेल त्यानं माझ्या नावावर लिहावं!"

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण आजचं पाप धरायचं, तर आज एकादशी आहे का?"

आणि पुन्हा जुंपली.

वेणूबाई घरी आली. अंगणातूनच तिला ऐकू आलं. आत बाळ भोकाड पसरून रडत होतं, दूध मागत होतं. ती उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून तीही रडली. मग उठून तिनं चूल पेटवली.

तात्पर्य: उपास कोणत्या दिवशी धरला हे देव विचारणार नाही, दारात उपाशी कोण बसलं होतं आणि तेव्हा तुम्ही काय करत होता, एवढंच विचारील. त्याचं उत्तर आजच तयार ठेवा.