चोरलेल्या गाण्यातला साप

बाळांनो, डोंगरापलीकडच्या जंगलात एक भृंगराज पक्षी राहत असे. रंगाने काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब पिसे, आणि कुणाचाही आवाज हुबेहूब काढण्यात पटाईत. पण त्या वर्षी त्याच्या जिवाला चैन नव्हते. वसंतातल्या सभेत जो स्वतः रचलेले नवे गाणे गाईल, त्याला सावरीची सर्वांत उंच फांदी वर्षभर मिळायची. आणि आपले म्हणावे असे एकही गाणे या पठ्ठ्यापाशी नव्हते. या झाडावरून त्या झाडावर तो नुसता भिरभिरत होता.

एके सकाळी करवंदीच्या जाळीत दयाळ पक्षी नवे गाणे जुळवत होता. भृंगराज पानाआड दबकून बसला. सूर, हरकती, मधलाच एक 'चर्र चर्र' असा खरखरीत तुकडा, सारे त्याने जसेच्या तसे उचलले. तो तुकडा तिथे कशाला, हा विचार घाईत त्याला शिवलाही नाही. "दयाळ लाजाळू आहे, सभेत तोंड उघडायचा नाही," अशी त्याने मनाची समजूत घातली.

सभेत तो गाऊ लागला आणि सगळे डोलू लागले. मग तो खरखरीत तुकडा आला मात्र, बुलबुल, होले, साळुंक्या किंचाळत उडाल्या. "साप! साप!" एकच गोंधळ झाला.

सभेचा प्रमुख म्हातारा धनेश पक्षी पडता पडता सावरला. "अरे, कुठे आहे साप?"

"साप नाही, आजोबा," भृंगराज चाचरला. "ते... गाण्यातलंच आहे."

"धोक्याची हाक कुणी गाण्यात घालतं का रे?"

मागून दयाळ हळूच म्हणाला, "आजोबा, हे गाणं जुळवताना माझ्या घरट्याशी साप आला होता. पिल्लांसाठी मी ओरडलो, तीच ही हाक."

भृंगराजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. धनेश म्हणाला, "गाणं दयाळाचं, फांदीही त्याचीच. आणि तू, यापुढे दुसऱ्याचं गाशील तेव्हा आधी त्याचं नाव सांगायचं. आता जाण्यापूर्वी एक सूर तुझा स्वतःचा लाव बघू."

भृंगराजाच्या चोचीतून एक बारीक, कापरा सूर निघाला. तो कुठल्या पक्ष्याचा, हे सभेत कुणालाच ओळखता येईना.

"हा तुझाच," दयाळ म्हणाला. त्या दिवशी भृंगराज कितीतरी वेळ एकाच फांदीवर बसून होता.

तात्पर्य : दुसऱ्याची रचना चोरता येते, पण ती का आणि कशी घडली हे चोरता येत नाही, म्हणून कच्चा का असेना, सूर आपला असावा.