डोहातल्या गाठी

ऐका, लहानांनी ऐका आणि थोरांनी तर कान देऊन ऐका. फार फार मागे, एका नदीकाठी एक गाव होतं आणि गावाच्या पायथ्याशी काळाशार डोह. त्या डोहात थोरली राहायची. थोरली म्हणजे मासोळी, पण केवढी! माणसाहून लांब, अंगावर तळहाताएवढी सोनेरी खवलं. ती वर आली की घाटावर भांडणाऱ्या बायकासुद्धा गप्प होऊन हात जोडायच्या. तिच्यावर कुणी कधी जाळं टाकलं नाही.

डोहाची राखण येसाईकडे होती. ही म्हातारी पळसाच्या पानांचे द्रोण लावायची. घरात बारसं झालं की द्रोणात भात घालायचा, वर पान झाकून केळीच्या सोपटाने बांधायचं आणि डोहात सोडायचं, अशी गावाची रीत. गाठ ज्या त्या घराची वेगळी. गाठीवरून थोरली बाळाला ओळखते, असं गाव मानायचं. भात मासे खायचे आणि पान कुजून पाण्यात मिसळून जायचं.

एके वर्षी एक व्यापारी आला. त्याच्याकडे काचेसारख्या पिशव्या होत्या. आज आपण त्यांना प्लास्टिक म्हणतो. भिजत नाही, फाटत नाही, कुजत नाही, असं तो छाती ठोकून सांगत होता. गाव खुळावलं आणि येसाईही भुलली. द्रोण वरच तरंगतो, लहान मासेच भात फस्त करतात आणि थोरली उपाशी राहते, हे तिला कायम सलायचं. पिशवीत भात आणि एक गोटा घालून गाठ मारली, तर घास थेट तळाशी जाईल की! युक्ती तिचीच. गावाने तिला डोक्यावर घेतलं. मग काय, बारसं झालं टाक पिशवी, लग्न ठरलं टाक पिशवी.

दोन वर्षांत थोरली वर येईनाशी झाली. येसाई रोज पायरीवर बसून तिला हाका मारायची. तिला स्वतःला अन्न गोड लागेना.

एका सकाळी डोह हलला. थोरली कशीबशी वर आली आणि तिने पायरीवर डोकं टेकलं. सारं गाव धावत आलं. तिने तोंड उघडलं, तशी येसाईने कोपरापर्यंत हात आत घातला. एक पिशवी निघाली. मग दुसरी, मग तिसरी. पायरी भरून गेली.

पाटील कडाडले, की हे पाप ज्याचं असेल त्याला गावाबाहेर काढतो. एवढं बोलून त्यांनी खाली पाहिलं. समोर त्यांच्याच घरची गाठ होती. शेजारी माळ्याची होती, पलीकडे धनगराची. दोन वर्षं पाण्यात राहून एकही गाठ सुटली नव्हती. प्रत्येकाला आपापली दिसली.

येसाई म्हणाली, "मला काढा गावाबाहेर. मी माया केली, पण ती हिला पचेल का, हे पाहिलं नाही."

तेव्हा थोरली बोलली. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"येसे, तुझ्या हातचा घास मला ठाऊक आहे गं. पण हे पान मला खाता येत नाही आणि पाण्यालाही खाता येत नाही."

एवढं बोलून ती तळाशी गेली. ती जगेल की नाही, कुणालाच सांगता येईना.

पाटलांनी पागोटं पायरीवर ठेवलं आणि ते पाण्यात उतरले. त्यांच्यामागे गाव उतरलं. नऊ दिवस माणसं बुड्या मारत होती. डोहातली शेवटची पिशवी निघाली आणि पुन्हा पिशव्या घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला वेशीवरूनच परत पाठवलं गेलं.

पुढचं बारसं पाटलांच्या नातीचं. येसाईने पळसाचा द्रोण लावला, पाटलांनी घरची गाठ मारली आणि द्रोण पाण्यावर सोडला. गाव श्वास रोखून उभं राहिलं. पाणी हललं, सोनेरी पाठ वर आली आणि थोरलीने अलगद गाठ सोडवून भात खाल्ला. येसाई लहान मुलीसारखी रडली.

आठ दिवसांत त्या द्रोणाचा मागमूस उरला नाही, आणि यावेळी गावाला त्याचंच अप्रूप वाटलं.

तात्पर्य : जे मातीला आणि पाण्याला पचत नाही, ते कितीही मायेने टाकलं तरी विषच होतं.