गणबाने शिवलेला अर्ध्या शिलाईचा सूट

डोंगरपेठ गावात गणबा माळवदे नावाचा एक शिंपी राहत असे. पुरुषांचे सूट शिवावेत तर त्यानेच, असे आसपासच्या गावांतही म्हणत. एका सुटाला तो सव्वा महिना घेई. गिऱ्हाइकाला तीनदा बोलावी. कोटाच्या छातीत घालायचे जाड कापड हाताने बारीक टाके घालून बसवी, आणि कोट अंगावर मनासारखा पडेपर्यंत उसवून पुन्हा शिवी. त्याची शिलाई ऐकून नवखा माणूस दचकायचा. पण बापाचा कोट पुढे मुलगाही घालायचा.

मग गावात तयार कपड्यांची दुकाने आली. गणबाच्या कात्रीला तीन महिने काम मिळाले नाही.

अशात धान्याचे व्यापारी हुकूमचंद शेठ उंची लोकरी कापड घेऊन आले. मुलीचे लग्न तोंडावर आले होते. शिलाई ऐकून ते हसले.

"अर्ध्यात करा, गणबा. आणि पंधरा दिवसांत."

"शेठजी, कापड तुमचं. बाकी सगळे माझे दिवस आहेत. ते अर्धे कसे करू?"

"आत काय शिवलंय ते कोण बघायला येतंय? वरून झकास दिसला म्हणजे झालं."

गणबाने मागे पाहिले. दाराआड बायको सारजा उभी होती. तिने नुसती मान हलवली, घ्या म्हणून. गणबाने टेप उचलली.

आठ दिवसांत छातीची एकच बाजू झाली. नवव्या दिवशी त्याने आपलेच टाके उसवले आणि बाजारातून बकरम, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे तयार जाड कापड, आणले. गरम इस्त्री फिरवली, अर्ध्या तासात काम संपले. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. सारजाने विचारले, तर म्हणाला, "पोट भरलंय."

लग्नात शेठ राजासारखे मिरवले. ज्याच्या त्याच्या तोंडी गणबाचे नाव होते. गणबा मान खाली घालून जेवला आणि लवकर घरी आला.

दोन महिन्यांनी कोट धुऊन आला तो छातीवर फुगे घेऊनच. शेठ तो हातात धरून भर बाजारातून दुकानात आले.

"शिलाई कमी करा म्हणालो होतो मी. इमान कमी करा नव्हतो म्हणालो."

गणबाला बरेच बोलता आले असते. त्याने कोट हातात घेतला. फुकट दुरुस्त करून देईन म्हणून त्याने अस्तर उसवले. पण चिकटा लोकरीत मुरला होता. बकरम ओढले की कापडच फाटून येई. शेवटी त्याने हात थांबवले.

गोष्ट गावभर झाली. जुन्या गिऱ्हाइकांनी घरोघरी आपापल्या कोटांची अस्तरे उघडून पाहिली. प्रत्येक कोटात बारीक, सरळ, हाताचेच टाके निघाले. ते सांगायला मात्र गणबाकडे कोणी गेले नाही. सुटाचे कापड त्याच्या दुकानात पुन्हा आले नाही. मरेपर्यंत तो उशांचे अभ्रे शिवत राहिला.

तात्पर्य: उंची वस्तूची खरी किंमत तिच्या आतल्या, न दिसणाऱ्या कष्टांत असते. ती तोडून मागणारा वस्तू गमावतो. ती तोडून देणारा स्वतःला गमावतो.