सावळीला कळलेला राग

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर पूल नव्हते आणि रस्त्यानं हत्ती निघाला की माणसं हातातलं काम टाकून दारात येत, त्या काळातली. तुम्ही लहान असाल तर डोळे मोठे करून ऐका. मोठे असाल तर जरा मिटून ऐका.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य इतकं लहान, की राजाच्या पदरी एकच हत्तीण होती. तिचं नाव सावळी.

सावळी रानातून लाकडं ओढून आणायची. पुराच्या दिवसांत अडकलेल्या माणसांना पाठीवर घेऊन नदी ओलांडायची. दसऱ्याला राजाची अंबारी वाहायची. तिचा माहूत सुभानजी. ती पिल्लू म्हणून आली, तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. दोघं बरोबरीनंच वाढली म्हणा ना.

काय दिवस होते ते! दुपारी सुभानजी सावळीला नदीवर न्यायचा आणि नारळाच्या काथ्यानं तिचं अंग घासायचा. त्याची बायको तुळसा भाकरीची टोपली घेऊन यायची. धाकटा भाऊ हैबती राजाच्या पागेत होता. तोही घोड्यांना पाण्यावर घेऊन तिथंच यायचा. तिघं काठावर जेवायला बसली, की सावळीची सोंड हळूच टोपलीकडं सरकायची.

"आली बघा चोर!" तुळसा ओरडायची, आणि तिघंही हसायची. पुढं कितीतरी वर्षं गावातले म्हातारे सांगत, ते हसणं पार वेशीपर्यंत ऐकू यायचं.

एका वर्षी मोठा पूर आला. सुभानजीनं आणि सावळीनं कितीतरी माणसं वाचवली. त्याच वर्षी पागेत घोड्यांना साथीचा रोग लागला. हैबती पागेतच राहिला, पागेतच जेवला, आणि बहुतेक घोडे त्यानं जगवले.

दसरा आला. राजा दरवर्षी एकाला मानाचं पागोटं देत असे. या खेपेला ते सुभानजीलाच मिळणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. राजानं नाव घेतलं हैबतीचं.

सुभानजीनं पुढं होऊन भावाला मिठी मारली. लोकांनी वाहवा केली. घरी आल्यावर तुळसानं विचारलं, "अहो, वाईट वाटलं का?"

"मला? मला कशाला वाईट वाटेल? माझा धाकटा भाऊ आहे तो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. आपल्या आत काय चाललंय, याची त्याची त्यालाच खबर नव्हती.

पण त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. भाकरी कडक झाली, आमटी खारट झाली, अंगणातल्या पोरांचा गलका फार झाला. तुळसा काही बोलली, की तो अर्ध्यातच तोडायचा. नदीवर जायची त्याची वेळही बदलली. हैबती घोडे घेऊन येईपर्यंत सावळीला घेऊन तो निघून गेलेला असायचा.

"तुम्ही कशानं तरी रागावलात," तुळसा म्हणायची.

"कितीदा सांगू, मला राग नाही!" तो ओरडून सांगायचा.

आणि मग सावळी बिघडली. आधी बसायला सांगितलं की बसेना. मग चालता चालता मान झटकू लागली. एकदा पागेवरून जाताना तिनं कुंपणच उपटून टाकलं. लोक कुजबुजू लागले. आया पोरांना घरात ओढू लागल्या. पूर्वी हीच पोरं तिच्या पायाला मिठी मारून उभी राहायची.

एक दिवस बाजाराच्या रस्त्यानं सुभानजी सावळीला घेऊन चालला होता. समोरून हैबती एका शिंगराला धरून चालत आला. डोक्यावर पागोटं होतं. थोरला भाऊ दिसताच त्याचा चेहरा फुलला.

"दादा!" त्यानं हाक मारली. "अरे दादा, किती दिवसांत भेटला नाहीस!"

सावळी एकदम चीत्कारली आणि पुढं धावली. कुंभाराची मांडलेली मडकी तिच्या पायाखाली फुटली. शिंगरू उधळलं. हैबती भिंतीवर आदळला आणि त्याचा हात मोडला. कसंबसं सुभानजीनं तिला आवरलं. थोडक्यात भावाचा जीव वाचला.

राजानं सुभानजीला बोलावलं. "हत्तीण बिथरली आहे," राजा म्हणाला. "आज हात मोडला, उद्या जीव जाईल. पौर्णिमेनंतर तिला घाटापलीकडच्या जंगलात सोडून द्यायची."

"महाराज, ती माणसांत वाढली आहे. रानात ती जगायची नाही."

"मला ठाऊक आहे," राजा म्हणाला, आणि त्यानं मान वळवली. त्यालाही सावळी आवडायची.

सुभानजी तडक शेजारच्या वाडीला गेला. तिथं दाऊदचाचा राहत. हत्ती कसा सांभाळायचा, हे सुभानजी त्यांच्याकडूनच शिकला होता. आता त्यांचे गुडघे गेले होते, पण सावळीचं ऐकताच ते बैलगाडीतून आले.

"काय रोग झालाय तिला चाचा? तुम्हीच बघा."

चाचांनी तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पायांचे तळवे पाहिले. मग ते म्हणाले, "तू वर बस बेटा. हळूहळू चालव. मी गाडीतून बरोबर येतो."

सावळी छान चालू लागली. चाचा इकडचं तिकडचं विचारू लागले. पाऊसपाणी कसं, तुळसा कशी, आणि मग सहज विचारावं तसं, "हैबतीला पागोटं मिळालं म्हणे?"

"मिळालं. चांगलं झालं. मला काय त्याचं?"

सावळी थबकली. तिचे कान ताठ झाले आणि ती मान झटकू लागली.

"उतरू नकोस!" चाचांनी आवाज दिला. "हलू पण नकोस. तुझे पाय कुठं आहेत ते बघ."

सुभानजीनं खाली पाहिलं. त्याच्या पायांचे अंगठे सावळीच्या कानांमागं रुतले होते. असे रुतले होते, की तिथली कातडी सोलवटली होती. चल म्हणायला, धाव म्हणायला माहूत तिथंच अंगठा दाबतो. आणि हातातला अंकुश त्यानं इतका आवळून धरला होता, की बोटं पांढरी पडली होती.

"मी... मी काही केलं नाही चाचा."

"तुला कळलं नाही, एवढंच," चाचा हळू आवाजात म्हणाले. "हत्तीला माहुताचं तोंड दिसत नाही बेटा. त्याला फक्त पाय कळतात. तू गावाला सांगितलंस राग नाही. बायकोला सांगितलंस राग नाही. हिला मात्र तू रोज सांगत होतास. बिचारीनं तुझं ऐकलं."

सुभानजी खाली उतरला. त्यानं सावळीच्या सोंडेला कपाळ टेकवलं. मग तो तिला नदीवर घेऊन गेला. मागोमाग चाचांची गाडीही आली.

काठावर दुसरं कोणी नव्हतं. पाण्यात उभं राहून त्यानं तिच्या कानांमागं हात फिरवला, तेव्हा जुन्या जखमांच्या खपल्या बोटांना लागल्या. त्याला आठवलं, हैबती लहान असताना त्याला पुढ्यात घेऊन तो सावळीवर बसायचा. भाऊ भिऊन त्याचा दंड घट्ट धरायचा. तेव्हा सुभानजीचे पाय किती अलगद असायचे! आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो मोठ्यानं बोलला, "मला ते पागोटं हवं होतं. मला फार हवं होतं." बोलता बोलता त्याला रडू कोसळलं.

काठावर बसलेल्या चाचांनी त्याला रडू दिलं. नंतर ते म्हणाले, "हवंसं वाटलं, त्यात पाप नाही. पुढंही वाटेल. जळफळाट होईल, राग येईल. आला की त्याला ओळख. आत्ता मला राग आलाय, असं स्वतःशी म्हण, आणि मग पाय सैल सोड."

"म्हटलं की जातो राग?"

"लगेच नाही जात. पण तो तुझ्या पायांत उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी सुभानजी भरदरबारात उभा राहिला. हैबतीही तिथं होता. त्याचा हात फळीला बांधून गळ्यात अडकवला होता.

"महाराज, हत्तीण बिथरलेली नाही," सुभानजी म्हणाला. "बिथरलो होतो मी. भावाचा मान मला सहन झाला नाही आणि ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. शिक्षा मला करा."

राजानं विचारलं, "हे उद्या पुन्हा होणार नाही कशावरून?"

हैबती पुढं आला. "महाराज, दादानं तिला बाजाराच्या रस्त्यानं आणावं. मी समोर उभा राहतो."

"हैबती, नको!" सुभानजी कळवळून म्हणाला.

"दादा, तू खरं बोललास. आता मला भीती नाही."

रस्ता मोकळा केला गेला. माणसं माळ्यांवर, गच्च्यांवर चढली. तुळसा देवळाच्या पायरीवर हात जोडून उभी होती. हैबती रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. डोक्यावर तेच पागोटं होतं.

सुभानजीनं ते पाहिलं, आणि छातीत कळ उठलीच. त्याचे अंगठे वळायला लागले. सावळीचा कान हलला.

या वेळी त्याला ते कळलं.

"जळतंय," तो पुटपुटला. "अजून जळतंय माझ्या आत." त्यानं लांब श्वास घेतला. अंगठे उचलले. अंकुश कमरेला खोचला आणि रिकामा हात सावळीच्या मस्तकावर ठेवला.

सावळी संथ पावलं टाकत गेली. हैबतीपुढं थांबली. तिनं सोंड पुढं केली आणि त्याचा बांधलेला हात वरपासून खालपर्यंत हुंगला. माळ्यांवरची माणसं रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही.

सावळी गावातच राहिली. पण राजानं पुढच्या दसऱ्याला अंबारी घेऊन जाण्याचा मान सुभानजीला दिला नाही. त्यानं तो निर्णय मुकाट्यानं मानला. हैबतीचा हात जुळला, तरी पूर्वीसारखा सरळ झाला नाही. भरधाव घोडा त्याला पुन्हा कधी आवरता आला नाही. त्यानं त्याबद्दल भावाला एका शब्दानं दुखवलं नाही, आणि सुभानजीनंही तो वाकडा हात पाहून कधी नजर चुकवली नाही.

सुभानजी काही साधू झाला नाही. त्याला राग यायचाच. पण आता तो तुळसाला सांगायचा, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही. जरा वेळानं बोलू." ती मान डोलवायची. त्या घरात पुन्हा माणसं येऊन बसू लागली. भांडणं झाली, की लोक सल्ल्यासाठी त्याच्याकडं येऊ लागले. हा माणूस स्वतःचा राग आपल्यावर काढणार नाही, याची त्यांना खात्री असायची.

आता त्या गावात हत्ती नाही. नदीवर पूल झाला आहे. पण थकलेली माणसं संध्याकाळी काठावर बसली, की सावळीचा विषय निघतोच, आणि मग कोणी लवकर उठत नाही.

तात्पर्य: आपल्या मनात काय चाललंय ते जो वेळेवर ओळखतो, त्यालाच स्वतःला आवरता येतं आणि त्याच्या सोबतीत माणसं निर्धास्त राहतात.